अर्थ लागत नाही

थंड असताना बरी असते.
सकाळी सहाला, नेरूळमध्ये,
आमच्या सिडकोच्या बिल्डिंगखाली
एका चावीत उठते, घसा खाकरते, सुरू.
पाम बीचवर चौथ्या गियरात
खाडीचा खारा वारा कापत जाते
आणि वाशीच्या सिग्नलला, काटा नव्वदला टेकला की
गप्प.
खोकला नाही, धाप नाही.
बोलता बोलता कुणी फोन ठेवून द्यावा तशी.
मागे हॉर्न. वीस मिनिटं.
मग पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही.

गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबरच्या अंगाची,
चोवीस वर्षांची. इंजिन फ्रेंच,
वायरिंग कुठल्याच देशाचं नाही.
पनवेलचा मेकॅनिक बॉनेटमध्ये वाकला,
"मॅडम, हिचे पार्ट..." एवढंच म्हणाला
आणि उरलेलं वाक्य फडक्याला पुसलं.

म्हणून वही.
तुर्भ्याच्या लॅबमध्ये एकोणतीस वर्षं
मी नमुने तपासले.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची
हे डोक्याआधी हातांना ठाऊक आहे.

पहिला रविवार. प्लग काढले.
चारही बदामी, खारीसारखे. दोष नाही.
दुसरा. फिल्टर नवा. पंपाला कान लावला,
सीटमागे गुणगुणत होता बिचारा. दोष नाही.
तिसरा. क्रँकचा सेन्सर.
जो तो म्हणतो, तोच असणार.
अठराशे रुपये, आणि कोपराची साल.
वाशीच्या सिग्नलला गप्प.
वहीत लिहिलं: अर्थ लागत नाही.
चौथ्या रविवारी मटकीची उसळ केली
आणि खिडकीतून तिच्याकडे बघत बसले.
पाचवा. कॉइल.
अर्थ लागत नाही.

भाऊ नाशिकहून म्हणतो, भंगारात दे.
म्हणतो, आता ह्या वयात!
कुणाच्या वयाबद्दल बोलतो
ते मी विचारत नाही.

सहाव्या रविवारी दारावे गावचे घरतबाबा,
वीज मंडळातून निवृत्त,
खांबावरून दोनदा पडून दोनदा उठलेले,
हातात कोळंबीची पिशवी, घाईत,
तरी थांबले.
"आरथिंग बगलीस का, बाय?"

लोखंडी गाडीचं अख्खं अंगच तार असतं.
हिचं तसं नाही.
गेलेली वीज परतायची कुठून?
एका चपट्या वेणीतून, बॅटरीच्या खाली,
जिथं माझा हात कधी गेला नव्हता.

मला हसू आलं, तेही ओशाळं.
इतके रविवार मी स्वतःच्या अक्षरात
निदान लिहून ठेवत होते
आणि खाली नवा पार्ट मागवत होते.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला,
एक इंजिनाच्या ब्लॉकला. "मार चावी."
शून्य पॉइंट नऊ.
इथं जवळजवळ शून्यच हवं, बाबा म्हणाले,
आणि कोळंबी सावलीत सरकवली.
वेणी निघाली ती हिरवी,
खाडीनं चोवीस वर्षं चाखलेली,
वाकवली तर बोटांत भुगा.
थंडीत कशीबशी धरून राहायची,
तापली की सोडायची हात.

वाशीहून जाड केबल आणली. बोल्टाखालचा गंज
पॉलिश पेपरनं घासला, धातू उजळेपर्यंत.
शून्य पॉइंट शून्य चार.

मग वाशीचा सिग्नल. लाल.
काटा ब्याण्णव. पंखा लागला.
ती चालूच.
मी पाय उचलून घेतले, स्टिअरिंगवर नुसते तळवे,
आठशेची ती बारीक थरथर मनगटापर्यंत.
हिरवा झाला. मागे हॉर्न.
ह्या वेळी गप्प मी होते.

जुनी वेणी घरतबाबांनी नेली.
"तांबा हाय तो, टाकतंय कोन?"

वहीत पुढचं पान:
उजवीकडून तेल गळतं. रात्रीत तीन थेंब.
खाली पुठ्ठा ठेवलाय.